माझं झाकण जवळ्याला गेलं

मी ड्रम बोलतोय. विसर्जनात बडवतात तो नव्हे. पाण्याचा, निळा, प्लास्टिकचा, मनोरीत मथुरा कोळणीच्या मागच्या दाराशी उभा असतो तो. मला कुणी बडवत नाही, पण येता-जाता प्रत्येक जण माझ्या काठावर कोपर टेकवून गप्पा मारतो. त्यामुळे मला बरंच ठाऊक आहे. शिवाय जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी माझ्यात वाकून पाहिलंय, त्यामुळे थोडा गर्वही आहे.

माझा जन्म ब्राझीलचा. पोटात संत्र्याचा आटवलेला रस भरून मला बोटीवर चढवलं, तेव्हा वाटलं होतं की आपण आता जगाची तहान भागवणार. बंदरात उतरल्यावर रस एका दिशेला गेला आणि मी दुसऱ्या. गोवंडीच्या एका गाळ्यात करवतीने माझं तोंड उघडलं, मला धुतलं आणि रस्त्याच्या कडेला भावंडांबरोबर उभं केलं. मथुराचा नवरा हरेश्वर तिथे आला, प्रत्येकाला एकेक लाथ घालून बघू लागला. मी सगळ्यात कमी ओरडलो, म्हणून माझी निवड झाली.

मनोरीत आमच्या आळीला पाणी सकाळी थोडाच वेळ येतं. तेवढ्यात मी भरलो की घराचा दिवस पार पडतो. स्वयंपाक, आंघोळ, म्हावरं धुणं, सगळं माझ्याच जिवावर. माणसांची मला एक गंमत वाटते. माझ्या कडेला पाणी काढायचा डावला टांगलेला असतो, तरी प्रत्येक जण हातातलाच तांब्या बुडवतो, आणि दुसऱ्याने बुडवला की ओरडतो.

गेल्या पावसाळ्यात घरात डेंग्यू आला. मथुराची सून नमिता तापाने फणफणली. मथुरा तिच्या उशाशी बसून देवाला शिव्या आणि नवस दोन्ही एकाच दमात घालत होती. नमिता वाचली. दिवाळीत तिला दिवस गेले, आणि मथुराने जाहीर केलं, "या पावसात माझे सुनेला डास चावला, तर डासाची आय मी बघून घेईन."

मग उन्हाळ्यात फेरीबोटीतून प्रांजल आली. बोरिवलीची पोर, आजोबा गिरणीत होते, ती मात्र परदेशात साथीच्या रोगांवर शिकून परतलेली. तिच्याबरोबर तीन पाहुणे होते. पाउलो डासांचा तज्ज्ञ. हेंड्रिक नावाचा हॉलंडचा उंचाडा, पाण्याचा इंजिनियर. आणि केनियाच्या वांजिरूबाई, माणसं जशी वागतात तशी का वागतात, याचा अभ्यास करणाऱ्या.

पाउलो माझ्यात टॉर्च मारून वाकला आणि आनंदाने ओरडला. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या त्याने बाटलीत घेतल्या. मी इतकी वर्षं त्यांना पाहुणे समजत होतो! डेंग्यूचा डास गटाराकडे ढुंकून बघत नाही, त्याला माझ्यासारखं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं, हे मला तेव्हा कळलं. मग पाउलोची नजर माझ्या पोटावरच्या पुसट अक्षरांवर गेली. ती पोर्तुगीज होती, आणि पाउलोही ब्राझीलचाच. माझ्या कारखान्याचं गाव त्याच्या मावशीच्या गावाला लागून निघालं. त्याने मला मिठी मारली.

"आयला, ड्रमाला काय मिठी मारतंय हा?" हरेश्वर म्हणाला.

"गाववाला भेटला त्याला," मथुरा म्हणाली. "तू नाय का दारू प्यायलास की खांबाला मारतंस."

मग माझ्याभोवती भांडण सुरू झालं. हेंड्रिकला घट्ट झाकण आणि खाली नळ हवा होता. पाउलोला बारीक जाळी हवी होती, डासाला आत शिरता येणार नाही अशी. वांजिरूबाईंचं म्हणणं होतं की बाईला एका हाताने उचलता येणार नाही ते झाकण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात जाईल. तिघं तीन खंडांतून आलेली, पण भांडताना अगदी नळावरची वाटत होती. प्रांजल मध्ये उभी राहून म्हणायची, "अरे, एकेक करून बोला ना यार!" शेवटी तिघांचं मिळून एक झाकण ठरलं. गोल कडी, तिच्यावर ताणलेली बारीक जाळी, हलकं, एका हाताने उचलता येणारं. आळीतल्या प्रत्येक ड्रमाला एक. नारळ फुटला, पेढे वाटले. मला टोपी मिळाली.

ती टोपी माझ्या डोक्यावर दुपारपर्यंत होती.

दुपारी मथुराने झाकण उचललं, उन्हाकडे धरून पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि ते घेऊन थेट किनाऱ्यावर गेली. मी उघडाच.

पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ तपासणीला आले. आळीतले सगळे ड्रम उघडे होते. प्रांजलचा चेहरा उतरला. तेवढ्यात मथुराच हात धरून त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथलं मी पाहिलेलं नाही, पण परत आल्यावर सगळी माझ्याच काठावर टेकून बोलली. बांबूंवर आळीतली निम्मी झाकणं आडवी मांडलेली होती आणि प्रत्येकावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत होता. त्यावर उरलेल्यातलं एक पालथं घातलेलं, म्हणजे कावळा नको, माशी नको. खालून वारा, वाळूचा कण नाही.

"काय चीज दिलीस गो बाय!" मथुरा प्रांजलला सांगत होती. "एवढा साफ जवला माझे सासूने पन कवा बघितला नसंल. अजून आन."

"मावशी, ते ड्रमाचं झाकण आहे! नमिताला डास चावू नये म्हणून!"

"मना म्हाईत हाय. पन पाऊस कुठं पडलाय अजून? पावसाला ड्रमावर घालू की."

हे ऐकून तज्ज्ञ खूश झाले. उन्हात जवळा, पावसात ड्रम. एका झाकणात दोन कामं. पाउलोने मला पुन्हा मिठी मारली. वांजिरूबाई तेवढ्या खूश नव्हत्या. त्यांनी प्रांजलकरवी मथुराला विचारलं, "पावसाळ्यात मासेमारीच्या जाळ्यांचं काय करता?"

"धुवून माळ्यावर. नारली पुनवेपरत हात नाय लावायचा," मथुरा म्हणाली. "म्हावऱ्याचं जे जे काय हाय, ते समदं वर."

"आणि ही झाकणं?"

"ती पन वरच की! म्हावऱ्याला लागली ना?" मग मथुराच्या लक्षात आलं. "अगो... आनि तसा पन जवल्याचा वास लागलेला झाकन पिन्याचे पान्यावर कोन घालंल? पोटुशी बाई हाय घरात. वासानं उलटी करंल."

म्हणजे जेव्हा डास येणार, नेमकी तेव्हा झाकणं माळ्यावर. प्रांजल माझ्या काठावर डोकं टेकवून म्हणाली, "वाट लागली."

तिची वाट लागायचं कारण होतं. अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात देशोदेशींच्या आरोग्यतज्ज्ञांची परिषद भरणार होती, आणि तिथे ठरणार होतं की आमच्यासारख्या आळ्यांचं काय करायचं. झाकण चालत असेल तर ड्रम राहतील. नसेल तर उघडे ड्रम सगळे उचलायचे आणि आळीच्या तोंडाशी एकच मोठी बंद टाकी बसवायची. आळीचं तोंड म्हणजे चढावर. सातव्या-आठव्या महिन्यात नमिता हंडा घेऊन तो चढ कसा चढणार? मथुराने एवढंच विचारलं.

परिषदेत दाखवायला नमुना हवा होता. नमुना म्हणजे मी. मथुरा म्हणाली, "ड्रम एकटा नाय जायाचा. नेलात नि आनलाच नाय, तर उद्या पानी कशात भरू?" म्हणून ती पण निघाली, अंगावर ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. फेरीत माझ्याशेजारी बसली, मार्वेच्या धक्क्यावर मला उतरवताना हमालावर खेकसली आणि टेम्पोत माझ्यात हात घालून झोपली.

हॉटेलातला थंडावा मला झेपला नाही. मला एका गालिचावर उभं केलं. लोक येत, माझ्याकडे कौतुकाने बघत आणि कॉफीचे कागदी पेले माझ्यात टाकत. मथुराने ते बघितलं आणि एका कोटवाल्या साहेबाला सांगितलं, "काढ. त्यात माझे घरची भाकरीचा पीठ भिजतो." साहेबाला मराठी येत नव्हती, तरी त्याने पेला काढला.

मग भाषणं झाली. प्रत्येकाचा उपाय यशस्वी झाला होता. पडद्यावर चढत्या रेघा, हसरी मुलं. मला आपली लाज वाटू लागली. प्रांजलची पाळी आली तेव्हा पाउलो तिच्या कानात कुजबुजला (पोर्तुगीज उच्चाराच्या इंग्रजीत, मला कळलं), "फक्त पहिल्या दिवसाचा फोटो दाखव."

प्रांजलने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मथुराकडे, आणि जवळ्याचा फोटो लावला.

सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे झाकण ड्रमावर नाही," ते म्हणाले. "मग ड्रम उचलण्याचा निर्णय..."

"आमच्याकडे मच्छरदाण्यांनी मासे पकडले," मागून एक बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या सेनेगलच्या होत्या. मघाशी त्यांचीच रेघ सगळ्यात जास्त चढली होती. "अहवालात ते नाहीये," त्या म्हणाल्या.

त्यानंतर धरणच फुटलं. फिलिपीन्सच्या डॉक्टरांनी हात धुवायला वाटलेल्या घमेल्यांत कोंबड्या अंडी घालत होत्या. पेरू देशातल्या एका गृहस्थांनी डोंगरातल्या गावात बांधलेल्या संडासांत लोकांनी बटाटे साठवलेले होते, "आणि काय सांगू, फार चांगले टिकले." मघाशी छातीवर बिल्ले लावून ताठ बसलेली माणसं खुर्च्या ओढून माझ्याभोवती जमा झाली आणि डोळे पुसत हसू लागली. मला वाटतं, परिषद तेव्हा सुरू झाली. कारण हसून झाल्यावर जो तो विचारू लागला, "मग तुम्ही पुढे काय केलंत?"

अध्यक्षही खुर्ची घेऊन आले. हेंड्रिकने हातरुमालावर घुमट काढला. सपाट झाकणावर जवळा पसरता येतो, घुमटावरून घसरेल. पाउलो म्हणाला, जाळी माझीच राहील. कोंबड्यांवाले डॉक्टर म्हणाले, दोन्ही द्या, सुकवायचं वेगळं आणि पाण्याचं वेगळं, नाहीतर बाई बिचारी निवड तरी कशी करणार? वांजिरूबाई मात्र मथुराच्या लुगड्याचा काठ बघत होत्या. "हे तुम्ही मासळीला लावाल?"

"लुगडा?" मथुरा दचकली. "म्हावऱ्याखाली? येडी का काय ही?"

"मग झाकणाला याचा काठ शिवू या," वांजिरूबाई म्हणाल्या.

एका पावसाळ्यापुरती सवलत मिळाली. नारळी पौर्णिमेपर्यंत आळीत अळ्या दिसल्या नाहीत तर ड्रम राहतील. प्रांजलने मथुराला ते समजावून सांगितलं. मथुरा म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. टेम्पो कुठं हाय? सकाली पानी येनार."

पावसाच्या आधी आळीतल्या बायकांनी ओसरीवर बसून काठ शिवले, प्रत्येकीने आपल्याच जुन्या लुगड्याचा. मला हिरव्या चौकडीचा आला. पुरुषासारखा पुरुष ड्रम मी, पहिले दोन दिवस शेजारच्या ड्रमाकडे बघवलं नाही. पण त्याला तर गुलाबी काठ होता.

तो पावसाळा मी डोळ्यात तेल घालून काढला. डास यायचे, जाळीवर बसायचे, चिडून निघून जायचे. कुणी झाकण उघडं ठेवलं की मथुरा घरातून ओरडायची, "माझा लुगडा कोनी काढला रे?" हरेश्वरसुद्धा घाबरून झाकायचा. प्रांजल दर आठवड्याला येऊन टॉर्च मारायची. मी रिकामा. म्हणजे पाण्याने भरलेला, पण रिकामा.

नारळी पौर्णिमेच्या आधी दोन-तीन दिवस नमिताला मुलगी झाली. ताप नाही, काही नाही. ड्रम राहिले. माळ्यावरून जाळी आणि जवळ्याची झाकणं खाली आली, आणि बारशाला प्रांजल पेढे घेऊन आली. आली ती सवयीने आधी माझ्याकडे. आणि किंचाळली.

माझ्या डोक्यावर घुमट नव्हता. जवळ्याचं जुनं, सपाट झाकण होतं.

"मावशी! नवीन झाकण कुठंय?"

मथुराने ओठांवर बोट ठेवलं आणि तिला आत नेलं. दारातून मलाही दिसलं, जमिनीवर गोधडीत मुलगी झोपली होती, आणि तिच्यावर घुमट, बरोबर बसलेला, भोवती हिरव्या लुगड्याचा काठ. आत एक डास नाही.

"अगं, पण पाण्याला जवळ्याचा वास येईल ना?"

"येऊ दे," मथुरा म्हणाली. "वासानं कोन मरतंय काय?"

प्रांजल बाहेर आली. माझ्या काठावर कोपर टेकवून तिने तिघांना फोन लावला. ब्राझीलमध्ये पाउलो झोपेतून उठला, हॉलंडमध्ये हेंड्रिक जेवत होता, वांजिरूबाई केनियात कुठल्याशा बसमध्ये होत्या. तिने पोरीचा फोटो पाठवला. पलीकडे बराच वेळ हसणं चाललं. मग हेंड्रिकने विचारलं, "पोरगी किती लांब आहे? तिसरं झाकण केवढं करू?"

तर असं आहे. मी इथेच आहे, मनोरीत, मागच्या दाराशी. पाण्याला जवळ्याचा वास येतोय, चहालाही येतोय, कुणी तक्रार करत नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. त्यातलं पाणी घ्या, हवं तेवढं घ्या, तांब्या बुडवला तरी चालेल. फक्त जाताना झाकण लावा. कुठलंही लावा.

आणि हळू लावा. आत घरात मुलगी झोपलीय.