माळेआडचा रेडिएटर

मित्रांनो, मोटरसायकल पाहिली की तुम्ही टाकीचा रंग बघता, दिवे बघता, आवाज ऐकता. पुढच्या चाकाच्या मागे एक काळी जाळी असते, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती जाळी म्हणजे मी. एका जुन्या स्पोर्ट मोटरसायकलचा जुना रेडिएटर. आता मी गाडीवर नसतो. मुलुंडला एका घराच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी भिंतीला टेकून उभा असतो.

मी ॲल्युमिनियमचा आहे. आत चपट्या नळ्या आणि नळ्यांच्या मधे कागदासारख्या पातळ पट्ट्या. इंजिन तापलं की त्याच्यातलं गरम पाणी माझ्या नळ्यांतून फिरतं. समोरून वारा येतो, पट्ट्यांमधून आरपार जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. गार झालेलं पाणी पुन्हा इंजिनाकडे जातं. गाडी थांबलेली असली की माझ्या पाठीमागचा पंखा वारा ओढतो. एवढंच माझं काम. वारा मिळाला तर मी कामाचा, नाही मिळाला तर मी नुसतं एक भांडं.

आमची गाडी श्यामकांतने घेतली तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. अंधेरीला विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, मुलगी गंधाली शाळेत, आणि ह्याने आणली ही लाल, पुढे वाकलेली गाडी. त्याची बायको कुंदा खाली उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की टोळ? आणि मागे सीट ठेवलीय की कबुतराला फळी?"

असं म्हणाली खरी, पण दुसऱ्याच रविवारी त्या फळीवर बसून खारदांड्याला मासळी आणायला गेली. मग तो नेमच झाला. येताना तिच्या मांडीवर पिशवी असायची. श्यामकांत जरा रमतगमत चालवायला लागला की ती मागून म्हणायची, बोंबील आहेत, हळू काय चालवताय. मला तिचं हे फार आवडायचं. गाडी जोरात गेली की मला भरपूर वारा मिळतो.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. पहिल्या वर्षी कुंदाने हँडलला झेंडूची माळ बांधली. आमच्या गाडीचं हँडल खाली असतं, बुटकं असतं. वळताना माळ अडकली आणि श्यामकांत सोसायटीच्या फाटकातच पडता पडता वाचला. पुढच्या वर्षी कुंदाने बसून जागा शोधली. माझ्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आहेत. ह्या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत तिने आखूड, घट्ट माळ बांधली. झेंडू, आंब्याची पानं आणि मधे भाताची एक लोंबी. चाकाला लागत नव्हती, हँडलला अडकत नव्हती. तेव्हापासून दर दसऱ्याला माझी छाती पिवळी व्हायची.

दोन दिवसांनी ती स्वतःच माळ सोडायची, आणि जुन्या मऊ ब्रशने माझ्या पट्ट्यांमधल्या पाकळ्या काढायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. फणी साफ करावी तसं ती ते करायची.

परवाच्या दसऱ्याला तिने माळ बांधली. माळ सोडायच्या आत, दुसऱ्याच दिवशी ती गेली. संध्याकाळी दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं. गाडी खाली उभी होती. माळ माझ्यावर होती.

माळ सोडायला कोणी आलं नाही.

दिवसकार्य झालं, गंधाली पुण्याला तिच्या नोकरीवर परत गेली, श्यामकांत ऑफिसला जायला लागला. झेंडू सुकले. पाकळ्या गळायला लागल्या. एका सकाळी श्यामकांत खाली आला तेव्हा जमिनीवर चार पाकळ्या पडलेल्या दिसल्या. तो उकिडवा बसला, त्या वेचून खिशात घातल्या आणि वर गेला. परत आला तो मच्छरदाणीचा तुकडा घेऊन. जुनी, बारीक जाळीची मच्छरदाणी. ती त्याने माळेवरून ताणली आणि चारी कोपरे तारेने बांधून टाकले. आता एकही पाकळी पडणार नव्हती.

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं. पाकळ्या पडायच्या थांबल्या नव्हत्या. त्या आता माझ्या आत येत होत्या. पंखा ओढायचा आणि चुरा माझ्या पट्ट्यांमधे जाऊन बसायचा. वरून मच्छरदाणी. माझा श्वास कोंडला.

थंडीत कसंबसं निभावलं. उन्हाळा लागला तशी गाडी तापायला लागली. मुलुंडहून निघून कांजूरमार्गच्या सिग्नलला पोचलो की गाडीच्या मीटरवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागायचा. श्यामकांत गाडी कडेला घ्यायचा, हेल्मेट काढून उभा राहायचा. दोनदा पाणी उकळून बाहेर आलं. दुसऱ्यांदा त्याच्या मनगटावर उडालं, तरी त्याने आधी वाकून माळ भिजली नाही ना ते पाहिलं. गंधाली फोनवर म्हणायची, बाबा, ती गाडी विका आता. तो म्हणायचा, बघू.

शेवटी तो मरोळला नेल्सनच्या गॅरेजमधे गेला. नेल्सन त्याचा कॉलेजचा मित्र. मरोळच्या गावठाणात घर, घराखालीच गॅरेज. तो खाली वाकला, मच्छरदाणी पाहिली आणि म्हणाला, "काय रे श्याम, रेडिएटरला डास चावतात का?"

श्यामकांत हसला नाही. म्हणाला, "कुंदाची आहे. दसऱ्याची."

नेल्सनने तारेला लावलेला हात काढून घेतला.

मग श्यामकांतने त्याला आपला बेत सांगितला. रेडिएटर लहान पडतोय, तर मोठा बसवायचा. जाड, दुहेरी नळ्यांचा, ताकदीचा. म्हणजे माळ पुढे राहिली तरी गाडी गार राहील. नेल्सनने पुन्हा एकदा मच्छरदाणीकडे पाहिलं. मग म्हणाला, मागवतो.

मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. इतकी वर्षं मी ह्या इंजिनाला सांभाळलं, आणि आता मी लहान पडत होतो.

नवा रेडिएटर आला. एका शनिवारी श्यामकांत गाडी घेऊन गेला. नेल्सनने माझ्या तळाचं पाणी काढलं, पाईप सोडले आणि माझ्यासमोर येऊन थांबला. म्हणाला, वरचे बोल्ट माळेच्या मागे आहेत. ती काढावी लागेल.

"काढ आणि परत लाव," श्यामकांत म्हणाला.

"परत नाही लागणार रे. हात लावला की भुगा होईल."

"मग राहू दे. जुनाच राहू दे."

"जुना असाच ठेवलास तर इंजिन जाम होईल. पाऊस लागायच्या आत. मग काय करशील? बंद गाडी खाली उभी करून रोज माळ बघशील?"

 नेल्सनने कात्री आणली होती, ती त्याने बाकावर ठेवून दिली. एक स्टूल आणून माझ्यासमोर ठेवलं. स्वतः एक बादली उलटी करून शेजारी बसला आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीची चेन पुसायला लागला. श्यामकांतकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. वरून त्याच्या बायकोने, जेनिसने, जेवायला हाक मारली. तो म्हणाला, तू जेव.

मग श्यामकांत स्टुलावर बसला. आधी मच्छरदाणीच्या तारा सोडवल्या. नंतर माळेची गाठ शोधली. गाठ घट्ट होती, तेल आणि धूळ बसून काळी झाली होती. नेल्सनने न बघताच कात्री पुढे केली.

"नको," श्यामकांत म्हणाला. "ती कापत नसे. दोरा पुढच्या वर्षी लागतो म्हणायची."

तो नखाने गाठ सोडवत राहिला. फुलं त्याच्या मांडीवर चुरा होऊन पडत होती. लोंबीतले दाणे गळले. त्याचे डोळे भरले होते, पण बोटं थांबली नाहीत. गाठ सुटली तेव्हा हातात नुसता दोरा होता. तो त्याने चार बोटांभोवती गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग म्हणाला, "काढ आता."

नेल्सनने मला काढून उजेडासमोर धरलं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याने मला हळूच धुतलं, मागून पुढे, जोर न लावता, पट्ट्या वाकू नयेत म्हणून. पिवळा गाळ निघत राहिला. पुन्हा उजेडाला धरलं तेव्हा माझ्यातून सगळं गॅरेज दिसायला लागलं. नेल्सनने खरं ते सांगितलं. हा बिघडलेला नाही, गुदमरला होता. म्हणशील तर हाच परत लावतो.

श्यामकांतने मला हातात घेतलं.  म्हणाला, नवाच बसव. रस्ते आता असे आहेत की गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते, ह्या वयात ह्याला ते झेपायचं नाही. ह्याला मी घरी नेतो.

मित्रांनो, मी भंगारात जाणार असं धरून चाललो होतो.

जाताना त्याने मला पोत्यात गुंडाळून मागच्या सीटवर रबरी दोरीने बांधलं. पोत्याला एक भोक होतं, त्यातून मला रस्ता दिसत होता. इतकी वर्षं मी रस्ता खालून पाहिला होता. कांजूरमार्गला सिग्नल लागला. ऊन रणरणत होतं. खाली नव्या रेडिएटरचा पंखा सुरू झाला, थोडा फिरला आणि बंद झाला. लाल दिवा लागला नाही. श्यामकांत एक पाय टेकून सगळ्यांसारखा उभा राहिला. मग त्याने डावा हात मागे आणला आणि मी नीट आहे ना ते चाचपून पाहिलं. कुंदा मागे बसली की तो सिग्नलला असंच करायचा. सिग्नल सुटला, हात पुन्हा हँडलवर गेला.

तर मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर अधूनमधून वाकून पुढची जाळी बघा. पानं, माती, पिशवीचा तुकडा अडकला असेल तर मऊ ब्रशने काढा. गरम असताना झाकण उघडू नका. दसऱ्याची माळ सुकली की उतरवा. आणि घरात कोणाच्याने ती उतरवत नसेल, तर कात्री बाजूला ठेवा. त्याला बसायला स्टूल द्या आणि त्याची गाठ सुटेपर्यंत तुम्हीही तिथेच बसा.