फुगडीतला थांबा

"इथे मध्येच का थांबता?" स्वातीबाईंनी विचारले, आणि अंगणातला बारा बायकांचा फेर तसाच, हातांत हात अडकवून उभा राहिला.

गोव्यातल्या सर्वण गावच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. साखळी गावच्या फुगडी स्पर्धेला चार दिवस उरले होते आणि शाळेत संगीत शिकवणाऱ्या स्वातीबाईंना तालीम पाहायला मुद्दाम बोलावले होते. त्यांचे म्हणणे असे, की भरात आलेले गाणे तोडून सगळ्या जणी मुक्या उभ्या राहिल्या, तर परीक्षकांना वाटेल शब्द विसरल्या. थांबा काढा, नाहीतर त्याचे कारण निवेदनात सांगा.

पथकाची म्होरकी क्षमा. तिने कारण कालच लिहून ठेवले होते: हा थांबा ग्रामदेवता सातेरीच्या मानाचा, शेकडो वर्षांचा. आता फक्त तिच्या आजीने होकार द्यायचा होता, कारण जुन्या रितीबद्दल वाड्यावर पद्मावतीबाईंचा शब्द शेवटचा.

पद्मावतीबाई सोप्यावर ताठ बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठीला टेकण नाही.

"आजी, हो थांबो पयलीसावन आसा मगे?" क्षमाने विचारले.

"आसा. चौऱ्याऐंशी सालासावन."

त्या वर्षी चवथीला, गणपतीच्या सणाला, त्यांचे यजमान कृष्णनाथ बहारीनहून स्टिरिओ घेऊन आले होते. रुपेरी रंगाचा, दोन कॅसेटी एकदम मावणारा, जेवणाच्या ताटांएवढे दोन स्पीकर आणि वर मूठ. त्याला आठ सेल लागत. ते मंदावले की पद्मावतीबाई त्यांना पापडांशेजारी उन्हात मांडीत आणि आणखी दोन दिवस कामाला जुंपीत. वजन भरल्या घागरीएवढे. पण त्या मुठीला दुसऱ्या कोणाचा हात त्यांनी कधी लागू दिला नाही. लग्नामुंजीला कोणी स्टिरिओ मागायला आले, की त्या विचारीत, आमंत्रण यंत्राला आहे की मला? मग दोघेही जात, आणि दोघांनाही पुढची जागा मिळे.

त्याच स्टिरिओवर त्यांनी वाड्याच्या फुगडीची गाणी कॅसेटवर भरायला घेतली. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने कॅसेटची एक बाजू संपली, खटका पडला आणि पुढच्या चार ओळी हवेत विरल्या. पद्मावतीबाईंना ते मानवले नाही. गाण्यांचा क्रम ठरलेला, म्हणजे बाजू संपणार ती त्याच गाण्यात, त्याच ओळीपाशी. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला: मी हात वर केला की थांबायचे, कॅसेट उलटून होईपर्यंत पैंजणसुद्धा वाजता कामा नये, मी मान हलवली की पुढची ओळ.

बायका थांबल्या. दरसाल थांबल्या. पुढे स्टिरिओचा पट्टा तुटला, दुरुस्त करणारा मिळेना, यंत्र कपाटावर गेले. पण पाय थांबायचे ते थांबतच राहिले. सुना सासवांकडून शिकल्या, मुली आयांकडून. कारण कोणी विचारले नाही, आणि पद्मावतीबाईंनी सांगितले नाही. आयता वाढणारा मान स्वतःहून कोण कमी करून घेतो?

आज त्यांनी ते सगळे सांगून टाकले. फेरात हसू पसरले. क्षमा मात्र हातातल्या कागदाकडे पाहत राहिली.

"आजी, हें सांगल्यार लोक तुकाच हांसतले. सातेरीचें नांव आसूं दी. कोणाक कळतलें?"

"म्हाका कळटा. कॅसेट हांवें परतली, सातेरीन न्हय. तिच्या नांवार हें घालूं नाका."

मग थांबा काढूनच पाहायचे ठरले. गाणे सुरू झाले, ती ओळ आली, आणि प्रभावतीबाईंचे पाय जागीच रुतले. मागची पुढचीवर आदळली, फेर मोडला. प्रभावतीबाई पद्मावतीबाईंच्या धाकट्या जाऊ. एक मुलगी आली नव्हती म्हणून त्या तिच्या जागी उभ्या होत्या.

"वयनी," त्या धापा टाकत म्हणाल्या, "चाळीस वर्सां तुवें थांबयलें. आतां ह्या पांयांक तूंच सांग."

पद्मावतीबाईंनी क्षमाच्या कागदाकडे बोट केले. "थांबो दवर, काडूं नाका," त्या तिला म्हणाल्या. "आनी कारण खरें बरय. पद्मावती आनी तिचो स्टिरिओ. म्हजें नांव पयलीं."

स्वातीबाईंना हे निवेदन चालेल का, असे कोणी विचारले नाही. त्यांनीच क्षमाला पेन काढून दिले.

पुन्हा गाणे लागले. पद्मावतीबाई सोपा उतरून फेराच्या कडेला आल्या आणि त्या ओळीवर त्यांनी हात वर केला. बारा जणी निःशब्द झाल्या. पूर्वी या वेळी त्यांची मान यंत्रावर वाकलेली असे. हा थांबलेला फेर त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. आज उलटायला हातात काही नव्हते. त्यांनी एकेक चेहरा पाहिला. पहिल्या वर्षीच्या बारांपैकी एकट्या प्रभावती. बाकीच्यांच्या जागी त्यांच्या सुना होत्या, नाती होत्या; कोणाची हनुवटी ओळखीची, कोणाचे उभे राहणे.

क्षमा आजीच्या खुणेची वाट पाहत होती. पद्मावतीबाईंनी त्यांना आणखी थोडा वेळ तसेच उभे ठेवले.

मग मान हलवली.