तीन नंबर लाइनखालचा मी

मित्रांनो, मला बघितलंत तर तुम्ही म्हणाल, हा काय कचरा? अंगठ्याएवढा बोल्ट, दोन टोकांना दोन मोठे वॉशर, मध्ये तांब्याच्या तारेचे चारशे वेढे आणि एका बाजूला करपल्याचा काळा डाग. पण मी अनकपलर आहे. बंद पडलेला असलो तरी अनकपलरच.

माझं काम सांगतो. खेळातल्या रेल्वेच्या रुळाखाली आडवं पडून राहायचं. वर मालगाडी येऊन थांबली आणि कोणी बटण दाबलं की मला करंट मिळतो आणि मी चुंबक होतो. दोन डबे जोडणारं जे कपलिंग असतं, त्याच्याखाली एक बारीक लोखंडी मिशी लोंबत असते. ती मी ओढायची. कपलिंग उघडतं, वॅगन तिथेच राहते, इंजिन पुढे निघून जातं. कोणी हात लावायचा नाही. एवढंच काम. आणि एवढंच मला येईना!

मला बनवलं शंतनूने, २००५ साली, टेक्सासमधल्या अर्विंग गावात. शंतनू सॉफ्टवेअरवाला. अपार्टमेंटमध्ये जिथे लोक डायनिंग टेबल ठेवतात तिथे त्याने आठ फुटांचा प्लायवूड टाकून रेल्वे यार्ड उभारलं होतं. स्वतः सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवायचा. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. इंटरनेटवरच्या फोरमवर वाचायचं, करून बघायचं, बिघडलं की परत वाचायचं.

माझी गरज पडली त्याच्या बाबांमुळे. बाबा म्हणजे मोरेश्वर, भुसावळ यार्डात एकतीस वर्षं शंटिंग मास्टर होते, म्हणजे डबे जोडण्या-सोडवण्याचं काम त्यांच्या हुकमाने चालायचं. रिटायर झाल्यावर ते आणि आई रत्ना सहा महिन्यांसाठी इथे आले. पहिल्याच दिवशी शंतनूने हौसेने यार्ड दाखवलं. इंजिन आणलं, थांबवलं, आणि दोन बोटांनी वॅगन उचलून बाजूला ठेवली.

बाबा हसले. "तुमच्या यार्डात आकाशातून हात येतो होय रे?"

"बाबा, ते अजून बाकी आहे."

"हात न लावता वॅगन सोडव, मग बोलाव मला."

झालं. त्यानंतर बाबा प्लायवूडकडे फिरकलेच नाहीत. दिवसभर सोफ्यावर. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं जवळ काही नाही. शंतनू ऑफिसमधून आला की दोघांत दोन वाक्यं व्हायची. "ट्रॅफिक होता?" "हो." संपलं. शंतनूला वाटायचं, हे एक जमलं ना, तर बाबा उठून इथे येतील. आपल्याकडे बोलायला दुसरं आहे काय? जायच्या आधी हे जमायलाच हवं.

आणि तो सगळा भार माझ्यावर!

त्यांना परत जायला दोन महिने उरले तेव्हा शंतनूने माझ्यासाठी दुकानातून सगळ्यात भारी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणला. वॉशरसुद्धा स्टेनलेस. चकचकीत, कधी न गंजणारे. कागदाची नळी केली, ड्रिलच्या तोंडात अडकवली आणि तार गुंडाळायला घेतली. दोनशे सत्तराव्या वेढ्याला ऑफिसचा फोन आला, आकडा विसरला, सगळं सोडून परत एकपासून. चारशे झाले. नळीत बोल्ट घातला, तीन नंबरच्या लाइनखाली मला बसवलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

मी जोर लावला हो, खरंच लावला. मिशी जरा थरथरली असेल. पण ओढायला अंगात बळच येईना. का येईना, ते मला तरी कुठे कळत होतं?

शंतनूने फोरमवर विचारलं. एक म्हणाला वेढे वाढव, एक म्हणाला करंट वाढव. कोणता बोल्ट वापरलाय हे कोणी विचारलं नाही आणि शंतनूनेही लिहिलं नाही. त्यात काय लिहायचं? बेस्ट मटेरियल आहे!

आई मात्र एकदा चहा ठेवायला आली तेव्हा वाकून बघत राहिली. "शंतनू, हा बोल्ट भांड्यांच्या स्टीलचा आहे का रे?"

"हो आई, स्टेनलेस. गंजत नाही."

"अरे पण मग मी काय म्हणते..."

"आई, प्लीज! सर्किट बघतोय."

आई गेली. मी रुळाखालून ओरडत होतो, अरे ऐकून तर घे! पण मला कुठे तोंड आहे?

सात आठवडे असेच गेले. आई आणखी दोनदा सांगायला आली आणि दोन्ही वेळा "प्लीज" ऐकून परत गेली. तार सोडली, गुंडाळली. मला शिव्या पडल्या. "फालतू यार, एक साधं काम जमत नाही याला." मग एका रविवारी त्याने जुन्या लॅपटॉपचा जाडजूड अडॅप्टर मला जोडला आणि बटण धरूनच ठेवलं. मी तापलो. तारेवरचं वार्निश करपलं, धूर निघाला, आणि छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. आई टॉवेल हलवत धावली. शेजारचे लोक दारात आले.

बाबा सोफ्यावरूनच म्हणाले, "आमच्या यार्डात एकतीस वर्षांत आग लागली नाही. तू प्लायवूडला लावलीस."

शंतनूने मला उपटलं आणि ड्रॉवरमध्ये फेकलं. तेव्हा तो रडवेला झाला होता. मीही, पण माझं कोण बघतो.

परतीच्या विमानाचा दिवस उजाडला. शनिवार. दुपारी निघायचं होतं, बॅगा दारात. सुतळी शोधताना आईने ड्रॉवर उघडला आणि मी हाताला लागलो. तिने मला शंतनूपुढे धरलं. या वेळी बोलली नाही. फ्रिजवरचं टेक्सासच्या आकाराचं चुंबक काढलं आणि माझ्या बोल्टला लावलं.

ते खाली पडलं.

परत लावलं. परत पडलं. मग तिने प्लायवूडच्या पायाला लावलेल्या साध्या काळ्या बोल्टला ते लावलं. टक्कन चिकटलं.

"ताटं घेताना दुकानात मी चुंबक लावून बघत नाही का? चिकटलं की परत द्यायचं, ते चांगलं स्टील नव्हे. तू चांगल्या स्टीलचं चुंबक करायला बसलायस, बाळा."

शंतनूने बोल्ट हातात घेतला. "आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगायला आले. तीनदा प्लीज म्हणालास."

त्याने माझ्या नळीतून तो चकचकीत बोल्ट काढला आणि साधा लोखंडी घातला. वॉशरही बदलले. मला तीन नंबरखाली बसवलं, आधीचाच छोटा अडॅप्टर जोडला, इंजिन आणलं, बटण दाबलं. मित्रांनो, काय बळ आलं अंगात! मिशी ताणून धरली मी. आणि तरी कपलिंग सुटेना! शंतनूने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात सोफा करकरला. बाबा उठून आले होते. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"तो चुंबक काय करेल? इंजिन ओढून धरतंय वॅगनला. ताणात कपलिंग सुटतं कधी? जरा मागे घे. दाब दे. सैल पडू दे... हां. आता."

मी ओढली. सुटली! इंजिन पुढे गेलं, वॅगन तिथेच उभी. कोणाचाही हात नाही.

बाबांनी शंतनूच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि खुर्ची ओढून बसले. मग सुरू झालं. "ही दोनवर टाक. ती आजारी वॅगन, बिघडलेली, ती कडेला. अरे, ब्रेकव्हॅन, गार्डचा डबा, शेवटी लागतो, एवढं कळत नाही?" शंतनू हसत होता, पळत होता. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, विमान!"

"हा एवढा डब्यांचा रेक लावतो."

त्या नादात बाबांनी बटण जरा जास्त वेळ धरलं. आधीच करपलेला मी, आतून तार तुटली. गेलो. बाबांना वाटलं आपलं चुकलं. शंतनू म्हणाला, "राहू द्या बाबा, दुसरा गुंडाळतो." आणि ते एअरपोर्टला निघाले.

आता तीन नंबरखाली माझा धाकटा भाऊ आहे, लोखंडी बोल्टचा. मी ड्रॉवरमध्ये. माझ्यासाठी काही मागणं नाही. पण तुमच्याकडे एखादी वस्तू अडून बसली, तर लगेच जास्त करंट देऊ नका, शिव्या देऊ नका. आधी तिच्या पोटात काय घातलंय ते बघा. आणि घरात कोणी "मी काय म्हणते" म्हणालं, तर हातातलं ठेवून ते पूर्ण ऐका. बोल्ट बदलायला एक मिनिट लागलं हो. आमचे सात आठवडे गेले, आणि बाबांच्या वाट्याला यार्डातला अर्धाच तास आला.