दारावर वाचलेल्या कादंबऱ्या

आश्रयगृहाच्या दारावर मावशी बसायच्या. घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायका तिथे राहत, आणि त्या तिथे आहेत हे बाहेर कळू द्यायचं नाही, एवढंच मावशींचं काम. अकरा वर्षं त्या एकच वाक्य बोलत आल्या होत्या, “अशी कुणी इथे नाही.” बसून बसून पायांना सूज यायची ती घरी गेल्यावरही उतरायची नाही.

वेळ जावा म्हणून त्या कादंबऱ्या वाचत. त्यांच्या नणंदबाई चर्चचं वाचनालय सांभाळायच्या. तिथून दर रविवारी एक यायची. मुखपृष्ठावर मागे वळून पाहणारी मुलगी, तिच्यामागे रुंद खांद्यांचा पुरुष. आत कुणीतरी त्या मुलीच्या जिवावर उठलेलं असायचं. हा तिला वाचवता वाचवता तिच्या प्रेमात पडायचा, आणि कधीची सुटलेली प्रार्थना शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत त्याच्या ओठांवर परत यायची. मग लग्न. मावशींना सगळं आधीच ठाऊक असायचं, तरी त्या पान उलटायच्या.

तीन आठवड्यांपूर्वी आलेली एक शिंपीण हातशिलाई घेऊन खाली त्यांच्याजवळ बसू लागली. चष्मा नव्हता तिच्याकडे. मावशी तिला सुया ओवून द्यायच्या आणि मोठ्याने वाचून दाखवायच्या.

“तीन दिवस झाले, हा गाडीच चालवतोय,” शिंपीण म्हणाली. “झोपतो कधी हो हा?”

“पुस्तकातल्या माणसाला झोप लागत नाही.”

“आणि जेवण?”

“ती काळजीत आहे ना, मग हा कसा जेवेल?”

शिंपीण हसली. तेवढ्यात घंटा वाजली. मावशींनी बोटानेच तिला वर पिटाळलं आणि दाराची झडप उघडली.

बाहेर स्वच्छ शर्टातला, नीट भांग पाडलेला माणूस. आवाज मऊ. “मावशी, माझी बायको इथे आहे. शिवणकाम करते. मला भेटायचंही नाही, फक्त एवढं द्या तिला.” त्याने चष्म्याचं काळं पाकीट पुढे केलं. “याच्याशिवाय सुई ओवता येत नाही तिला. डोकं दुखतं.”

मावशींचा हात उठलाच. सकाळपासून त्यांनी सात सुया ओवल्या होत्या. पण पाकीट घेतलं की ती इथे आहे हे कबूल केल्यासारखंच होतं. त्यांनी हात कडीवर ठेवला.

“अशी कुणी इथे नाही.”

“गळ्यात क्रूस घालून खोटं बोलता?”

ते वर्मी लागलं. “अशी कुणी इथे नाही, दादा,” त्या म्हणाल्या आणि झडप लावून घेतली.

तो समोरच्या पायरीवर ठाण मांडून बसला. आश्रयगृह चालवणाऱ्या मोठ्या बाई कोर्टात गेलेल्या. मावशींनी पोलिसांना फोन केला. “पाठवतो कुणाला तरी,” म्हणाले. कादंबरीत एव्हाना काच फुटली असती. इथे तो केळं खात होता, जांभया देत होता, आणि मावशी फटीतून त्याला जांभया देताना बघत होत्या. लघवीला जायचीही सोय नव्हती. अडीच तासांनी एक हवालदार आला, दोन शब्द बोलला, आणि तो माणूस पाकीट खिशात घालून मुकाट्याने निघून गेला.

मावशी कठड्याला धरून जिना चढल्या. शिंपीण कपाटाआड अंग चोरून बसली होती.

“काय आणलं होतं?”

“चष्मा.”

“आधीचा त्यानेच पायाखाली चिरडला होता.” ती म्हणाली. “मी दारावर असते ना मावशी, तर घेतला असता.”

“माझाही हात उठला होता गं.”

शुक्रवारी तिला दुसऱ्या गावी हलवलं. कुठे, ते दारावरच्या माणसाला सांगत नाहीत. गाडीत बसता बसता तिने विचारलं, “त्यांचं लग्न होतं का हो?”

“होतं, थाटात,” मावशी म्हणाल्या. त्यांचं अजून तिथवर वाचून झालं नव्हतं.

रविवारी उपासना संपल्यावर त्या पुस्तक परत करायला गेल्या.

“वन्सं, या पुस्तकांत कुणी दमत नाही हो. आणि कुणाला खोटंही बोलावं लागत नाही. मी अकरा वर्षं बोलतेय.”

नणंदबाईंनी तोंड उघडलं. त्यांना वचनं पाठ होती, प्रत्येक प्रसंगाला एक. पण वहिनींच्या पायांकडे बघून त्या थांबल्या.

“मला नाही सांगता येत, वहिनी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसा आधी. पाय वर घ्या.” त्यांनी खुर्ची ओढली, समोर पुस्तकांचं खोकं सरकवलं. “नवीन आलंय एक. यातला अग्निशामक दलात आहे.”

“त्याचंही लग्न होतं?”

“होतं.”

“मग द्या.”

मावशींनी खोक्यावर पाय टेकवले, पहिलं पान उघडलं आणि चौथ्या ओळीशी त्यांचा डोळा लागला. नणंदबाईंनी पुस्तक हळूच काढून घेतलं, खिडकीचा पडदा ओढला आणि दाराशी आलेल्या लोकांना ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं.