खुर्ची पास, मामा नापास

आमच्या कारखान्यात खुर्ची तपासायचं यंत्र एकच होतं, आणि ते माझ्या मामाला जन्मतःच मिळालेलं होतं. मामा नव्या खुर्चीवर बसायचा, डोळे मिटायचा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे कलायचा आणि सांगायचा, "मागच्या कोपऱ्यात स्प्रिंग ढिली आहे." मिस्त्री गादी उसवून बघायचे, तर ढिली असायचीच. लोक डोळ्यांनी बघतात, हातांनी चाचपतात. मामाला जे काही कळायचं ते बसल्यावर कळायचं, आणि त्या ज्ञानापुढे आम्ही सगळे हात जोडायचो.

म्हणून नाट्यगृहाच्या नमुन्याच्या खुर्चीवरून मामा विंचू चावल्यासारखा उठला, तेव्हा आम्ही संशय घेतला तो खुर्चीचाच.

हा नमुना पास झाला तर अख्ख्या नाट्यगृहाचं काम आपलं. नाही तर पलीकडच्या गल्लीतला कारखाना जिभल्या चाटत बसलेलाच होता.

"खालून टोचतंय," मामा म्हणाला.

मिस्त्रींनी गादी उसवली. काही नाही. तरी स्प्रिंगा बदलल्या. दुसऱ्या दिवशी मामा बसला, उठला. "टोचतंय." फोम वाढवला. "टोचतंय." आणखी वाढवला. शेवटी खुर्ची इतकी फुगली की मी बसलो तर पाय लोंबकळायला लागले.

"मालक, यावर चढायला आता शिडी लागेल," मिस्त्री म्हणाले.

"मग मी काय खोटं बोलतो?"

"छे हो! आजवर तुमचं," मिस्त्रींनी नजर जरा खाली नेली, "कधी खोटं ठरलंय?"

मग मामाने बसणंच सोडलं. डबा उभ्याने, पेपर उभ्याने. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बसणं तब्येतीला वाईट असतं." हे त्याने एकदा गिऱ्हाइकासमोर सांगितलं. गिऱ्हाइकाला पटलं, आणि ते खुर्ची न घेता निघून गेलं.

मामी कारखान्यात सहसा येत नाही. त्या दिवशी आली ती पदर खोचूनच. ओळीने सगळ्या खुर्च्यांवर बसली. फुगलेल्या खुर्चीवर तर पाय हलवत चांगली ऐसपैस बसली. मग खाली उतरून म्हणाली, "खुर्च्या सगळ्या पास. बसणारा नापास आहे."

"अगं, चार माणसांत..."

"संडासात पेपर घेऊन तासभर बसता, तिथे नाही टोचत?"

मिस्त्री एकदम हातोडी शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

मामाने मामीला फोमच्या ढिगामागे नेलं. मी तिथेच कापड कापत होतो, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"रक्त पडतं गं," मामा हळूच म्हणाला. एवढा मोठा माणूस, पण आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "भलतंच काही निघालं तर? म्हणून दाखवलंच नाही."

मामीने खोचलेला पदर सोडला. "आणि न दाखवल्याने ते गेलं का?"

"नाही."

"वर जेवण कमी केलंत, जायलाच नको म्हणून. त्याने आणखी खडा झाला. उद्या डॉक्टर. नाही आलात तर मी सगळ्या गल्लीला सांगेन."

दवाखान्यात एक नवल दिसलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या सगळ्या रिकाम्या आणि माणसं सगळी भिंतीला टेकून उभी. मामाने कडक प्लॅस्टिकची खुर्ची अंगठ्याने दाबून बघितली. "हे म्हणजे जखमेवर मीठ," तो पुटपुटला, आणि उभे असलेले सगळे त्याच्याकडे नेत्याकडे बघावं तसे बघायला लागले.

डॉक्टर निघाली मुलीच्या वयाची. मामा दारातूनच मागे फिरत होता. मामीने कोपराने आत ढकलला. पुढचं सगळं मामानेच नंतर जगाला सांगितलं, जगाने विचारलेलं नसताना.

"रक्त लाल की काळपट? मागाहून थेंब पडतात की मिसळलेलं असतं? काही बाहेर येतं का, काका? आपोआप आत जातं की ढकलावं लागतं?" आवाज खाली नाही, चेहऱ्यावर हसू नाही. मामा लाजायचं विसरला. असे नेमके प्रश्न त्याने आयुष्यभर खुर्च्यांना विचारले होते. त्याला ते पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

तिने बोटाने तपासलं, मग छोटी नळी घालून उजेडात बघितलं. "न उसवता बघितलं, मिस्त्री!" हे मामा अजून सांगतो.

"मूळव्याध आहे," डॉक्टर म्हणाली. "तिथे आत प्रत्येकाला रक्तवाहिन्यांच्या छोट्या गाद्या असतात. कुंथून कुंथून त्या सुजतात, खाली घसरतात."

"म्हणजे गादी जागेवरून सरकलीय?"

"अगदी बरोबर."

"मग आधी सांगायचं ना! गादीकाम आहे हे!"

डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा हसली. मग तिने बजावलं, की रक्ताचं खापर डोळे झाकून मूळव्याधीवर फोडायचं नसतं, म्हणून आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायचीच. ती झाली, आणि भलतं काही निघालं नाही. त्या दिवशी मामी रिक्षात बाहेर तोंड करून रडली, आणि विचारलं तर म्हणाली, डोळ्यात धूळ गेली.

सूज उतरल्यावर डॉक्टरने त्या गाद्यांच्या मुळाशी रबराची बारीक कडी चढवली. काही दिवसांनी त्या सुकून गळून पडल्या. भाज्या, फळं, भरपूर पाणी सुरू झालं, आणि संडासात पेपर न्यायला कायमची बंदी.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक आले त्या सकाळी मिस्त्रींनी सगळा जादा फोम काढून खुर्ची पहिल्यासारखी केली होती. मामा बसला. डोळे मिटले. डावीकडे कलला. उजवीकडे कलला. आणि ताडकन उठला.

"टोचतंय."

मामीने कपाळाला हात लावला. मिस्त्री म्हणाले, "मालक, पुन्हा डॉक्टरकडे..."

"उसवा."

व्यवस्थापक बघत होते. मिस्त्रींनी गादी उसवली. आत, कापडाच्या घडीत, एक बारीकसा खिळा आडवा पडलेला होता. इतक्या वेळा उसवता-शिवताना केव्हा तरी आत राहून गेलेला.

मामाच्या आधी व्यवस्थापकांनी स्वतः त्याच खुर्चीवर बसून बघितलं होतं. त्यांना काही लागलं नव्हतं. त्यांनी खिळा बघितला, मग मामाकडे बघितलं.

"काम तुमचं," ते म्हणाले. "पण प्रत्येक खुर्चीवर तुम्ही स्वतः बसायचं."

"आनंदाने," मामा म्हणाला, आणि मामीसमोर छाती काढून, सावकाश, मांडी घालून बसला.