समोरून सपाट

“मॅडम, तुम्ही लोक खरंच दगड चाटता का?”

प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना वळल्या. हे विचारायची पैज लावणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या पाठीमागे तोंड लपवून खुसखुसत होत्या, आणि पिपाणी मान ताठ ठेवून उत्तराची वाट बघत होती. नववीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज फुटत नसे, तिला दहावीत अचानक कंठ फुटला होता. ‘पिपाणी’ हे टोपणनाव त्याचंच बक्षीस. शाळेने मुलींना कॉलेज दाखवायला आणलं होतं आणि भूगर्भशास्त्राच्या विभागापर्यंत पोचता पोचता निम्म्या जणी जांभया द्यायला लागल्या होत्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचे दोन करडे तुकडे उचलले आणि म्हणाल्या, चाटतोच काय, चावतोसुद्धा, घे. आता माघार घेतली असती तर मैत्रिणींनी जन्मभर पिडलं असतं. पिपाणीने डोळे मिटून पहिल्याचा कण दाताखाली धरला. करकरला. दुसरा मात्र लोण्यासारखा विरघळला. पहिल्यात बारीक रेती असते, मॅडमनी समजावलं, दुसरा निव्वळ चिखलाचा दगड. त्यात पाणी मुरलं की तो ओल्या साबणासारखा होतो आणि त्याच्यावरचं सगळं घसरायला बघतं.

तिथून सगळ्यांना कॉलेजमागच्या टेकडीकडे नेलं. रस्त्यासाठी ती टेकडी उभी कापली होती आणि दुसऱ्या वर्षाची मुलंमुली तिथे नकाशा काढत होती. आठवडाभर पाऊस लागून राहिलेला, त्यामुळे सगळी गुडघ्यापर्यंत चिखलात. कमरेला हातोडा लावलेल्या एका ताईने पिपाणीला विचारलं, हे थर कसे आहेत?

“सपाट,” पिपाणी ठणकावून म्हणाली. “वहीतल्या रेघांसारखे.”

सगळी हसली. ताई म्हणाली, हसू नका रे, पहिल्या वर्षी मीही हेच लिहिलं होतं आणि माझा अख्खा नकाशा चुकला होता. तिने पिपाणीचं कोपर धरलं आणि कापलेला कडा जिथे वळत होता, तिथे दुसऱ्या बाजूला नेलं. तेच थर! पण इथून ते रस्त्याच्या दिशेने असे उतरत होते, की आत्ता सरकतील असं वाटावं.

“छपराची कड समोरून बघितलीस तर आडवीच दिसते ना?” ताई म्हणाली. “पण छप्पर तुझ्याकडेच उतरत असतं. समोरून बघून कधी फसायचं नाही, बाजूला जायचं.”

मैत्रिणी पुढे गेल्या. पिपाणीचे पाय मात्र जागीच राहिले.

तिचं घर असंच उताराखाली होतं. बाबा बस चालवायचे. मिळेल त्या सुट्टीला त्यांनी मागचा उतार खणून, कापून, तिथे तिच्यासाठी खोली बांधली होती. ‘खडक बघ,’ ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, ‘लेव्हल लावून बघितलाय, रेघ न् रेघ सरळ आहे.’ आज त्या खोलीत ती पहिल्यांदा झोपणार होती.

तिने मॅडमना गाठून सगळं सांगितलं. एरवी घंटेसारखा वाजणारा आवाज अगदी बारीक झाला होता. मॅडमनी विचारलं, खोलीला कुठे तडा? नाही. दार नीट लागतं? पिपाणीने नाही म्हणून मान हलवली. दार अडकायला लागलं होतं. पावसाने लाकूड फुगलं म्हणून बाबांनी त्याला दोनदा रंधा मारला होता.

“घर न बघता मी छातीठोकपणे काही सांगणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “उद्या सकाळी मी स्वतः येते. पण आज तिथे कुणी झोपू नका.”

ती घरी पोचली तेव्हा बाबा खोलीच्या दाराला रंग देत होते. तिनेच निवडलेला निळा. आई नवीन चादर अंथरत होती. पिपाणी दप्तर टाकून थेट मागे गेली. खडक आणि खोलीची भिंत यांच्यामधल्या बोळात अंग चोरून शिरली आणि पिवळ्या थरांमधली करडी पट्टी नखाने खरवडून दाताखाली धरली. जराही करकरली नाही. मग ती सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेली, जिथे बाबांनी खडक आतल्या बाजूला कापला होता. तिथून तेच थर सरळ खोलीच्या दिशेने उतरताना दिसले.

“काय गं, तोंडात काय घातलंस?” बाबा ब्रश घेऊनच मागे आले.

तिने धापा टाकत सांगितलं. बाबा आधी हसले, मग त्यांचा चेहरा बदलला. “एक दिवस दगड चाटून आलीस आणि माझ्या बांधकामात खोट काढायला निघालीस? लेव्हल लावलीय मी, कार्टे.”

“समोरून लावलीत, बाबा. इकडे या.”

ते आले नाहीत. तेवढ्यात आई दारातून सावकाश म्हणाली, “बघून तर या. मलाही ते दार फुगलेलं वाटत नाही. फुगलेलं दार खालून घासत नाही असं एकाच कोपऱ्यात.”

बाबा बोळात शिरले. कोपऱ्यावर गेले, वळले. करड्या पट्टीवर तळहात ठेवून वरून खाली नेत राहिले, अगदी खोलीच्या पायापर्यंत. हात ओला झाला. ब्रशमधला निळा रंग त्यांच्या चपलेवर ठिबकत होता, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

“तुला खोली हवी होती,” शेवटी ते म्हणाले. एवढंच.

हवी होती. किती हवी होती, ते तिलाच माहीत. तिला रडू फुटणार होतं, पण रडली असती तर बाबांनी तिचीच समजूत काढली असती, आणि समजूत काढता काढता तिला त्याच खोलीत झोपवलं असतं. तिने खोलीत जाऊन नवी चादर काढली, घडी केली आणि काखेत मारून दोघांसमोर येऊन उभी राहिली.

“आज मी बाहेरच्या खोलीत तुमच्या दोघांच्या मध्ये झोपणार,” ती म्हणाली. “मॅडम येऊन बघेपर्यंत या दाराच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, बाबा, तुम्हीसुद्धा. आणि बारावीनंतर मी हेच शिकणार आहे. दगड.”