चष्मेवालीचा संशय

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलं की माणूस असाच होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मला सगळं स्पष्ट दिसतं," आणि म्हणतानाच मान पुढे काढून डोळे बारीक करतं. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून आलेले महाभागही भेटलेत मला. त्यामुळे कुणी काही सांगायला लागलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, डोळ्यांकडे बघते.

तर एका सकाळी मी काचेच्या कपाटातली दुर्बीण पुसत होते. ती शोभेलाच ठेवलीय म्हणा, कधीतरी एखादी विकली जाते. सहज डोळ्यांना लावली, तर दोन नळ्यांमधलं अंतर बदललेलं. मी ती नेहमी पूर्ण उघडून ठेवते. आता ती बरीच मिटलेली होती. माणसाच्या दोन डोळ्यांत किती अंतर आहे, हे आमच्या धंद्यात नुसतं बघून कळतं. हे अंतर माझ्या मुलीचं होतं.

मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. घरात आम्ही तिला मौनीबाई म्हणतो. तिला एक वाक्य बोलायला लावायचं म्हणजे कोरड्या नळाखाली बादली लावून बसायचं. ती गेले काही शनिवार "ग्रंथालयात जाते" असं सांगून बाहेर पडत होती आणि घरी येताना चेहरा उन्हाने रापलेला असायचा. त्या ग्रंथालयाला छप्पर नसावं बहुतेक. बुटांवर सिमेंटची धूळ होती, ती मी बोट फिरवून पाहिली होती. आता त्यात ही दुर्बीण. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आमचे हे दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासतात. मी पडदा सारून म्हटलं, "अहो, पोरगी दुर्बिणीतून कुणाला तरी बघते."

"पक्षी बघत असेल," हे म्हणाले. मान वर केली नाही.

"पंख नसलेला पक्षी असला तर?"

यांनी यंत्राचा आवाज वाढवला. नवरा यंत्राचा आवाज वाढवतो तेव्हा त्याला काहीतरी माहीत असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खरं म्हणजे मला पहिला संशय आला तो शाळेतल्या मार्गदर्शक बाईंचा. शाळेने यंदा या नव्याच बाई आणल्या होत्या. मुलांचा स्वभाव बघायचा, आवड बघायची आणि कुणाला कुठलं काम झेपेल ते सुचवायचं, हे त्यांचं काम. मी मनातल्या मनात त्यांना 'हसरी' म्हणायचे, कारण काहीही बोला, बाई हसतच असायच्या. उगीच हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी हसरीने माझ्यासमोर मुलीला विचारलं, "तुला दिवसभर कुणी काही बोललंच नाही, तर कसं वाटेल?"

"छान," मुलगी म्हणाली.

हसरीला सोनं सापडल्यासारखा आनंद झाला. मी म्हटलं, "बाई, तिचं काय करायचं ते ठरलेलं आहे. दुकान आहे आमचं. आयतं बसायचंय तिला."

यात माझं काय चुकलं, सांगा. मला ती दुकानात हवी होती. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, माझ्या डोळ्यांसमोर. आता ती गिऱ्हाइकाशी कशी वागते, हा भाग वेगळा. मागे एका बाईंनी सोनेरी फ्रेम घालून आरशात बघत विचारलं, "मला शोभते का गं?" आमची मौनीबाई म्हणाली, "नाही." बास, पुढे काही नाही. दुसरी फ्रेम दाखवायची, गोड बोलायचं, काही नाही. बाई तरातरा निघून गेल्या आणि पुन्हा आमच्या पायरीवर दिसल्या नाहीत. पण शिकेल, असं मी म्हणायचे. मलाही पहिल्या दिवसापासून कुठे येत होतं.

पुढच्या शनिवारी मी यांना गल्ल्यावर बसवलं आणि मुलीच्या मागे निघाले. तिच्या खांद्यावर पिशवी होती आणि पिशवीत दुर्बिणीचा आकार सरळ दिसत होता. ग्रंथालयाच्या दारावरून ती वळूनही न बघता पुढे गेली. मोठा रस्ता ओलांडून, गोदामांच्या मागून ती एका बांधकामापाशी पोचली. पत्र्याचं कुंपण, आत अर्धवट उभी राहिलेली इमारत, आणि तिच्याही वर डोकं काढून उभी एक उंच क्रेन. फाटकापाशी एका पुरुषाने तिच्या हातात पिवळं हेल्मेट दिलं, ती चक्क हसली, आणि दोघं आत गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रखवालदार "बाई, बाई" करत राहिला, मी आत शिरलेच. आणि बघते तर काय, तिथे हसरीही हजर. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर तेच हसू.

"अरे वा, आई पण आल्या," ती म्हणाली.

"कशाला आल्या ते आता कळेल," मी म्हटलं. "माझ्या मुलीला इथे कशासाठी आणता तुम्ही? आणि हे गृहस्थ कोण?"

गृहस्थ जवळून पाहिले तर माझ्या वडिलांच्या वयाला आलेले. त्यांनी हेल्मेट काढलं तर डोक्यावर एक केस नव्हता. ते क्रेन चालवायचे. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. मला जरा तोंडात मारल्यासारखं झालं, पण मी ते दिसू दिलं नाही.

हसरीने समजावलं ते असं. तिने वर्गातल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या कामाच्या जागी नुसतं बघायला नेलं होतं. कुणाला दवाखान्यात, कुणाला छापखान्यात. सगळी मुलं तासाभरात कंटाळली, मोबाइल काढून बसली. माझी मुलगी मात्र इथल्या क्रेनकडे बघत बसली ती उठेचना. मग ती दर शनिवारी यायला लागली.

"यात तुम्हाला काय मिळतं?" मी हसरीला रोखठोक विचारलं.

"ऊन," ती म्हणाली. नाकाचं सालटं निघालेलं होतं तिच्या, हे खरं.

क्रेनवाले काका मला म्हणाले, "ताई, वरच्या खोपटात माणूस दिवसभर एकटा असतो. बडबड्या माणसाचं ते काम नाही, तो वेडा होईल. आणि तुमची मुलगी खालून दुर्बीण लावून बघते, आणि ओझं नेमकं कुठे थांबणार ते मी थांबवायच्या आधी बोटाने दाखवते. बाकी शिकवता येतं हो. ही शांतता शिकवता येत नाही."

मी वर पाहिलं. ते खोपट आगपेटीएवढं दिसत होतं आणि वाऱ्याने, मला तरी, हलल्यासारखं वाटलं. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिचा हात धरला आणि तिला तिथून घेऊन आले. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मीही बोलले नाही.

दुकानात आल्यावर कळलं की क्रेन चालवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राकडे अर्ज गेलेला आहे, आणि त्यावर पालक म्हणून सही आहे आमच्या यांची.

"इतक्या वर्षांचा संसार आणि ताकाला तूर लागू दिली नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"मग?" हे म्हणाले.

मी खूप बोलले. हसरीने दोघांना फितवलं म्हणाले, तो काका स्वतःची जागा भरायला बकरा शोधतोय म्हणाले, दुकान आता कुलूप लावून टाका म्हणाले. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "वरून पडली तर काय करू मी?" आणि मग मला रडू आलं. यांनी यंत्र बंद केलं. मला भीती वाटत होती, बाकी सगळं त्या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं. पण भीती वाटते म्हणून संशय खोटा ठरतो असं थोडंच आहे.

काही दिवसांनी संध्याकाळी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, केंद्राला डोळ्यांचं प्रमाणपत्र लागतं. लांबचं, रंगांचं आणि खोलीच्या अंदाजाचं. खोलीचं जमलं नाही तर घेत नाहीत."

"चौकातल्या दुकानात जा की. तिथे मोठ्ठं यंत्र आहे."

"तू तपास."

झालं, माझ्या डोक्यात चक्र सुरू. माझ्याचकडे का? हा हसरीचा डाव दिसतोय. आईच्याच हाताने सही करवून घ्यायची, म्हणजे पुढे आईला तोंड उघडायला जागा नको. बरं, असू दे. मग मला दुसरी गोष्ट सुचली. प्रमाणपत्रावर एकच शब्द लिहायचा होता. पात्र किंवा अपात्र. मी 'अपात्र' लिहिलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. दुकानाचा शिक्का, माझी पदवी, माझी सही. मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसली असती आणि आयुष्यभर जमिनीवर राहिली असती.

"बस," मी म्हटलं. मी तिला नापास करायलाच बसले.

पण मला कारण हवं होतं. नुसतं खोटं लिहायला हात धजेना. काहीतरी, राईएवढं का होईना, खरं सापडलं असतं तर त्याचा मी पर्वत केला असता. लांबचं वाचन झालं. शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली. पाठ असेल, म्हणून मी तक्ता बदलला. तोही वाचला. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे तिने मी पान उलटायच्या आत ओळखले. राहिलं खोलीचं, म्हणजे कुठली वस्तू पुढे आणि कुठली मागे ते कळण्याचं. त्याचं आमच्याकडे एक कार्ड असतं. त्यावर वर्तुळांचे गट असतात. खास चष्मा लावला की प्रत्येक गटातलं एक वर्तुळ कागदातून वर आल्यासारखं दिसतं, पण ज्याचे दोन्ही डोळे जोडीने काम करतात त्यालाच. चष्म्याचा नंबर काढताना हे कुणी बघत नाही, त्यामुळे तिचं मीही कधी बघितलं नव्हतं.

"वरचं," ती म्हणाली. पुढचा गट. "डावं." पुढचा. "खालचं." गट बारीक होत गेले, तिचा आवाज तसाच.

अंदाज करत असेल, मी स्वतःला सांगितलं. तिला न सांगता कार्ड उलटं धरलं. उलटं धरलं की वर येणारं वर्तुळ आत गेल्यासारखं दिसायला हवं. अंदाज करणारा इथे हमखास फसतो.

"आता आत गेलं," ती म्हणाली.

आडवं धरलं. "आता सगळी सारखीच."

पुन्हा सरळ, दिव्याजवळ नेऊन. पुन्हा दिव्यापासून लांब. पुन्हा उलटं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते, मान पुढे येते का, डोळे बारीक होतात का. काही नाही. इतके स्वच्छ डोळे माझ्या खुर्चीत बसलेले मला आठवत नाहीत, आणि ते माझ्या पोटच्या पोरीचे होते. मला एकाच वेळी अभिमान वाटला आणि ओरडावंसं वाटलं.

मी कार्ड खाली ठेवलं.

"दिसतंय तुला," मी म्हणाले. "सगळं दिसतंय."

तिने चष्मा काढला आणि माझ्याकडे अगदी मी गिऱ्हाइकांकडे बघते तसं बघितलं.

"खरं सांग. मी नाराज होईन म्हणून म्हणत नाहीस ना? आई, माझ्या ओझ्याखाली माणसं काम करत असणार आहेत."

आता हिला काय सांगायचं. मी खुर्चीवर बसले.

"मी तुला नापास करायला बसले होते," मी म्हटलं. "लिहायचा शब्दही ठरवून बसले होते. जंग जंग पछाडलं. तू होईनास."

मला वाटलं ती चिडेल, उठून जाईल, किंवा निदान नेहमीसारखी गप्प बसेल. तिने उलट खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे आले. चौकातल्या दुकानात त्यांनी दोन वर्तुळं दाखवून सही केली असती. मग मी वर चढल्यावर रोज मनात येत राहिलं असतं, खरंच दिसतं ना मला? तुझ्याइतकं कसून कुणीच तपासलं नसतं. तुझ्याकडे पास झाले, आता मला भीती नाही."

एवढं लांब ती जन्मात बोलली नसेल. मागच्या खोलीतलं यंत्र केव्हाचं बंद होतं; हे पडद्यापलीकडे उभे राहून ऐकत असणार, मला त्याचीही खात्री आहे.

मी 'पात्र' लिहिलं. सही केली, शिक्का मारला. मग कागद तिच्या हातात देता देता मागे घेतला, आणि तिला पुन्हा चष्मा लावायला सांगितलं.

"एकदा शेवटचं," मी म्हटलं.

ती हसली आणि तिने चष्मा लावला.